प्रवासी सायकलीच्या सांगाड्याचा भार

विसाव्या शतकातील पोलादी प्रवासी सायकलीचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला पेटंटांची दफ्तरे, कारखान्यांचे कॅटलॉग आणि सायकल क्लबांची मासिके ही साधने उपलब्ध आहेतच. परंतु या सर्वांहून अधिक विश्वसनीय असे एक साधन त्या वस्तूतच साठवलेले असते, आणि चाके, हँडल, पायडल, सीट इत्यादी सर्व साज उतरवून उघडा सांगाडा काट्याला टांगला म्हणजे ते ग्रॅमांच्या आकड्यांत वाचावयास मिळते. एखाद्या चांगल्या इंग्रज कारागिराने महायुद्धानंतरच्या काळात घडविलेला मध्यम मापाचा प्रवासी सांगाडा फोर्क धरून पावणेतीन किलोच्या आसपास भरतो; १९८० नंतर अमेरिकन बाजारासाठी निघालेला, चारही बाजूंना पिशव्या लटकावण्याच्या उद्देशाने घडविलेला सांगाडा तीन-सव्वातीन किलोंपर्यंत जातो; आणि या दोहोंच्या मध्ये फ्रेंच, जपानी व इतर इंग्रज कारागिरांच्या कृती कमीअधिक अंतराने उभ्या राहतात. म्हणजे दोन-तीन पिढ्यांच्या कसबाचा व ईर्षेचा सारा पट अवघ्या अर्ध्या किलोत सामावलेला आहे. हे अर्धा किलो पोलाद कोणी, कोठे आणि कशाच्या भरवशावर काढून टाकले, आणि पुढे कोणत्या गरजेपोटी ते पुन्हा घातले गेले, याचा मागोवा घेऊ लागलो की असे ध्यानात येते की सांगाड्याचा भार म्हणजे त्यावर लादल्या जाणाऱ्या ओझ्याविषयी कारागिराने बांधलेला अंदाज होय. आणि ओझे हे प्रवासाच्या रीतीवर, रस्त्यांवर, रात्रीच्या मुक्कामाच्या सोयीवर, फार काय, देशातील कामगारांना मिळणाऱ्या रजेवरही अवलंबून असते.

प्रथम धातूची बाब स्पष्ट केली पाहिजे, कारण येथेच बहुतेकांची समजूत चुकते. उंची पोलादाचा सांगाडा हलका असतो तो ते पोलाद हलके असते म्हणून, असे सर्रास मानले जाते. वस्तुतः साधे कार्बन पोलाद घ्या, मँगनीज-मॉलिब्डेनमचे मिश्रपोलाद घ्या किंवा क्रोमियम-मॉलिब्डेनमचे घ्या, एका घन सेंटिमीटरचे वजन पावणेआठ-आठ ग्रॅमांच्या दरम्यानच भरते. आणि वाकविण्याला होणारा त्यांचा विरोधही जवळजवळ सारखाच असतो. भेद आहे तो तुटण्यापूर्वी किती ताण सोसवतो या गुणात. बळकट पोलादाची नळी पातळ करता येते, दुबळ्या पोलादाची करता येत नाही. आणि वजन कमी होते ते या पातळपणामुळे. २८.६ मिलिमीटर व्यासाच्या नळीच्या भिंतीची जाडी १.६ मिलिमीटर असेल तर तिच्या एका मीटरचे वजन हजार ग्रॅमांच्या वर जाते. तीच जाडी ०.८ वर आणली तर साडेपाचशे ग्रॅम, आणि ०.५ वर आणली तर साडेतीनशे ग्रॅमांच्या आत. सांगाड्याच्या मुख्य त्रिकोणातील तीन नळ्यांची एकूण लांबी पावणेदोन मीटरांच्या घरात असते, तेव्हा भिंतीतील केवळ एक दशांश मिलिमीटरचा फरक सव्वाशे ग्रॅमांच्या आसपास वजन वाढवितो वा घटवितो. जो फरक बोटाच्या स्पर्शाला कळत नाही, डोळ्याला दिसत नाही आणि रंगाच्या थराखाली कायमचा झाकला जातो, त्याचीच साक्ष काटा देतो.

परंतु नळी वाटेल तितकी पातळ करून भागत नाही. सांगाड्याच्या नळ्या एकमेकींना जोडावयाच्या म्हणजे त्या पोलादी लगांत, म्हणजे सांध्यावरच्या पोलादी खोबणीवजा तुकड्यांत, बसवून सांध्यावर पितळेची झाळ द्यावयाची. पितळ वितळून सांध्यात ओढले जाण्यास नऊशे अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते, आणि इतक्या उष्णतेने सांध्यालगतच्या पोलादाचा जोर कमी होतो. शिवाय रस्त्याचे हादरे आणि पायडलवरचा दाब यांचा ताणही नळीच्या मध्यापेक्षा टोकांशीच अधिक एकवटतो. म्हणून १८९० च्या दशकातील कारागिरापुढे पेच असा होता की, पातळ नळी घ्यावी तर ती सांध्याजवळ तुटते, आणि जाड घ्यावी तर मधल्या लांबीभर विनाकारण पोलाद वाहावे लागते.

हा पेच सोडविला तो इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरी, खिळे करणाऱ्या एका घराण्याने. जॉन रेनल्ड्झ यांचा खिळ्यांचा धंदा १८४१ पासून चाललेला होता. त्यांच्या घराण्यातील आल्फ्रेड मिलवर्ड रेनल्ड्झ यांनी १८९७ साली अशा नळीचे पेटंट घेतले की जिचा बाहेरचा व्यास सर्वत्र सारखाच, परंतु आतली भिंत टोकांशी जाड आणि मध्ये पातळ. आणि दुसऱ्याच वर्षी या नळीकरिता स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. कल्पना ऐकावयास सोपी वाटते. कृती मात्र विलक्षण आहे. आत पोलादी दांडा घालून नळी थंड अवस्थेतच साच्याच्या भोकातून खेचावयाची. दांडा टोकांशी बारीक आणि मध्ये जाड, त्यामुळे साच्यातून जाताना नळीच्या टोकांना पोलादास अधिक जागा मिळून तेथे भिंत जाड राहते, व मध्ये चेपून पातळ होते. येथवर ठीक, पण आता दांडा आत अडकला. त्याचा जाड मध्यभाग नळीच्या जाड टोकांतून, म्हणजे अरुंद तोंडांतून, बाहेर यावा कसा? यावर उपाय असा की, दांड्यासकट ती नळी तिरप्या बसविलेल्या फिरत्या रुळांमधून काढावयाची; रूळ तिला गरगर फिरवीत दाबतात, त्या दाबाने तिचा व्यास केसभर वाढतो, आणि तेवढ्याच केसभर सैलपणात दांडा सुटून येतो. पोलादाला क्षणभर मोठे करून त्याच्याकडून आपले हत्यार परत मागून घेण्याची ही युक्ती मला सायकलीच्या सर्व इतिहासातील सर्वांत देखणी युक्ती वाटते. स्टार्लीच्या १८८५ मधील रोव्हर सायकलीला किंवा डनलॉपच्या १८८८ मधील हवेच्या टायरला जी कीर्ती मिळाली तिचा दहावा हिस्साही या युक्तीच्या वाट्यास आला नाही, याचे वाईट वाटते. हिशेब करून पाहिला तर एका खालच्या तिरप्या नळीत या रीतीने नव्वद ग्रॅमांची बचत होते, आणि तीही मजबुतीला कोठे धक्का न लावता.

पुढची पायरी धातूची. त्याच कंपनीने १९३५ साली मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची ५३१ ही नळी बाजारात आणली. हा आकडा मिश्रणातील मुख्य घटकांच्या परस्पर प्रमाणावरून घेतलेला आहे. या पोलादाने टोकाशी ०.८ आणि मध्ये जेमतेम ०.५६ मिलिमीटर भिंतीची नळी सामान्य कारागिराच्या आवाक्यात आणली. आणि सांगाड्याच्या सीटखालच्या नळीवर चिकटविलेली ५३१ ची छोटी चिठ्ठी पुढील पन्नास वर्षे इंग्लंड, फ्रान्स, हॉलंड आणि अमेरिका येथील सायकलस्वारांच्या दृष्टीने सनदेच्या मोलाची ठरली. दुसऱ्या महायुद्धात कारखाना विमानांच्या नळ्यांकडे वळला व स्पिटफायर विमानांसाठी तेथून नळ्या गेल्या. युद्ध संपल्यावर तोच कारखाना, तेच हात, पुन्हा सायकलीकडे आले. इटलीत मिलान येथे आंजेलो लुईजी कोलोंबो यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या कारखान्याच्या कोलुंबुस नळ्या शर्यतीच्या जगात ५३१ च्या तोडीस तोड ठरल्या, तरी प्रवासी सायकलीच्या क्षेत्रात बर्मिंगहॅमचे वर्चस्व दीर्घकाळ अबाधित राहिले.

चिठ्ठी मात्र उखडता येते आणि बनावटही छापता येते. तेव्हा जुना सांगाडा हाती आल्यावर जाणता मनुष्य सीटपिलर उपसतो आणि त्याच्या दांड्याला व्हर्निअर लावतो. इंग्रजी मापाच्या सीट-नळीचा बाहेरचा व्यास २८.६ मिलिमीटर ठरलेला; आत २७.२ मिलिमीटरचा दांडा अलगद, पण न डगमगता बसत असेल तर भिंत ०.६ च्या आसपास आहे, म्हणजे नळी पातळ व उंची जातीची आहे, २६.४ किंवा २६.८ चा दांडा बसत असेल तर मध्यम, आणि २५.४ चा दांडा घट्ट होत असेल तर वर कोणतीही चिठ्ठी असो, ती पाण्याच्या नळाच्या जातीची जाड नळी आहे असे खुशाल समजावे. फ्रेंच सांगाड्याला हा न्याय लावताना सांभाळावे लागते, कारण तेथे नळीचा बाहेरचा व्यासच २८ मिलिमीटर, आणि म्हणून २६.४ चा दांडा तेथे हलक्या प्रतीची नव्हे, चांगल्या प्रतीची खूण असू शकतो. गंजलेल्या पिलरभोवती तेल सोडून, रात्रभर थांबून, सकाळी तो हळूहळू फिरवीत बाहेर काढणे आणि व्हर्निअरच्या जबड्यात धरून आकडा वाचणे, या कृतीत जुन्या ताम्रपटावरील अक्षरे लावण्याचाच आनंद आहे.

याहून मोठा घोटाळा छापील वजनांचा आहे. नळ्यांचे कारखाने जे वजन प्रसिद्ध करीत ते बहुधा संपूर्ण नळीसंचाचे, म्हणजे मुख्य तीन नळ्या, हँडलखालची आखूड नळी, मागच्या चार, फोर्कचे दोन पाय आणि त्याचा दांडा अशा अकरा नगांचे, आणि तेही कापण्यापूर्वीचे. कोलुंबुसच्या एस.एल. संचाचे वजन एक किलो नऊशे पंचवीस ग्रॅमांच्या आसपास आणि जाड भिंतीच्या एस.पी. संचाचे दोन किलो तीनशेच्या आसपास छापलेले असे. त्यावरून सांगाडा दोन किलोंच्या आत भरेल अशी आशा धरणारा हमखास निराश होतो, कारण कापण्यात सव्वाशे-दीडशे ग्रॅम जातात खरे, परंतु लग, पायडलचा अक्ष सामावणारी आडवी नळी, मागच्या चाकाचे पोलादी काटे, पितळ आणि रंग मिळून सहाशे-सातशे ग्रॅमांची भर पडते. मापाचाही प्रश्न आहे. सांगाडा दोन सेंटिमीटरांनी उंच झाला की सीटची नळी, हँडलखालची नळी, फोर्कचा दांडा आणि मागच्या दोन तिरप्या नळ्या या सर्वच तितक्या लांबतात व पन्नास-साठ ग्रॅम वाढतात. तेव्हा बुटक्या मनुष्याच्या ५२ सेंटिमीटरच्या सांगाड्याची उंचाच्या ६२ सेंटिमीटरच्या सांगाड्याशी तुलना करून एका कारागिराला हलके व दुसऱ्याला जड ठरविणे हा उघड अन्याय होय, कारण पाव किलोंहून अधिक अंतर तर नुसत्या उंचीने पडलेले असते. उलटपक्षी, ज्या गोष्टीवर प्रवासी सायकलीच्या जडपणाचे खापर नेहमी फोडले जाते ती गोष्ट निर्दोष आहे: प्रवासी सायकलीचे मागचे चाक शर्यतीच्या सायकलीपेक्षा चार-पाच सेंटिमीटर मागे असते, म्हणजे टाच पिशवीला लागत नाही आणि ओझे अक्षाच्या पुढे येते, या लांबीपायी खर्च होतात फक्त तीस-चाळीस ग्रॅम. प्रवासी सांगाडा जड होतो तो भिंतीने.

ती भिंत किती जाड ठेवावयाची, या प्रश्नाला फ्रान्सने आणि इंग्रजी बोलणाऱ्या देशांनी निरनिराळी उत्तरे दिली, आणि माझ्या मते या विषयाचा गाभा येथे आहे.

फ्रान्समधील प्रवासी सायकलीचा मूळ पुरुष म्हणजे साँतेत्येन गावचा पॉल द व्हिव्ही. १८५३ चा जन्म, आरंभी रेशमाचा व्यापार, नंतर सायकलीचे दुकान आणि १८८७ पासून स्वतःचे मासिक, अशी त्याची कारकीर्द. व्हेलोसिओ या टोपणनावाने तो लिही आणि गावामागचा घाट चढून जाणे हा त्याचा नित्यक्रम होता. एकाच गिअरच्या सायकलीने डोंगर चढणे हा शरीराचा अपव्यय आहे हे त्याने आयुष्यभर हिरीरीने मांडले. १९०२ साली फ्रान्सच्या टूरिंग क्लबाने पिरेनीज पर्वतातील तूरमाले घाटावर गिअरच्या सायकलींची परीक्षा घेतली ती याच विचाराच्या वातावरणात. आणि ‘तूर द फ्रान्स’ शर्यतीने मात्र चेन हलविणाऱ्या गिअर-यंत्रणेला मुभा दिली ती १९३७ मध्ये, व्हेलोसिओच्या मृत्यूला सात वर्षे लोटल्यानंतर. म्हणजे पस्तीस वर्षे हौशी प्रवासी व्यावसायिक शर्यतपटूंच्या पुढे होता. फ्रान्समध्ये उत्तम सायकल म्हटली की शर्यतीचीच, असा समज रुजला नाही याचे कारण या पस्तीस वर्षांत आहे.

त्यानंतर १९३६ चा उन्हाळा आला. लेओं ब्लूम यांच्या सरकारने कामगारांना वर्षाकाठी दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्याने दिली, आणि ज्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता अशी कुटुंबे सायकलींवर व दुबैठकी टँडमांवर बसून पॅरिसच्या वेशीबाहेर पडली. रजा थोडी, हौस मोठी, आणि रात्री उतरावयास गावोगाव स्वस्त खाणावळ. अशा प्रवाशाला तंबू-भांड्यांचे बिऱ्हाड नको होते, त्याला एका दिवसात दोनशे किलोमीटर नेणारी, अंधारात दिवा देणारी, पावसात चिखल न उडविणारी, हँडलपुढच्या पिशवीत एक जोड कपडे मावू देणारी सायकल हवी होती. हाच ग्राहक डोळ्यांसमोर ठेवून १९३० आणि १९४० च्या दशकांत सायकलींच्या तांत्रिक परीक्षा भरविल्या जात. त्यांचे नियम वाचताना त्या परीक्षकांविषयी आदर वाटू लागतो: मडगार्ड, दिवे, कॅरिअर यांसह पूर्ण सज्ज सायकल काट्यावर चढवावयाची, हलकेपणाबद्दल गुण द्यावयाचे, मग तीच सायकल डोंगरातील कच्च्या रस्त्यांवरून शेकडो किलोमीटर पळवावयाची, आणि परतल्यावर काही तुटले, वाकले, सैल झाले असेल तर गुण कापावयाचे. नुसता हलकेपणा येथे चालत नसे. टिकलेला हलकेपणाच जमेस धरला जाई.

या परीक्षांतून पॅरिस परिसरातील दोन नावे पुढे आली, रने एर्स आणि आलेक्स सँजे. एर्स हा विमानांच्या कारखान्यात काम केलेला मनुष्य. १९३८ च्या परीक्षेत त्याने उभी केलेली सायकल सर्व साजासह आठ किलोंच्या आत होती, आणि १९४६ मध्ये सँजेने सात किलोंचीही मर्यादा ओलांडून खाली मजल मारली. आपल्याकडील रॉड-ब्रेकची काळी इंग्रजी धाटणीची सायकल वीस किलोंच्या आसपास भरते हे स्मरले म्हणजे या आकड्यांचे विस्मयकारक स्वरूप कळते. पण यातील शिकण्यासारखी गोष्ट अशी की हे वजन मुख्यतः सांगाड्यातून गेलेले नव्हते. निकोला बारासारखे प्रतिस्पर्धी ॲल्युमिनियमचेच सांगाडे झाळीत असता एर्स पोलादाला धरून राहिला. पोलादी सांगाड्यातून आणखी तीनचारशे ग्रॅम काढता येतात, त्यापुढे सांगाडा तोंड देत नाही, हे त्याला ठाऊक होते. म्हणून त्याने ब्रेक, क्रँक, हँडलचा कान, कॅरिअर, इतकेच नव्हे तर दिव्याची तार नेण्याची वाट हे सर्व त्या एका सायकलीसाठी स्वतः योजले. कॅरिअरला नट-बोल्ट जोडावयाचे नाहीत म्हणून त्यासाठी सांगाड्यावरच पोलादी गुंड्या झाळून घेतल्या. अशा गुंडीचे वजन सात-आठ ग्रॅम. म्हणजे सांगाडा काट्यावर थोडा जड दिसतो, पण पट्ट्या, चाप आणि बोल्ट वाचल्यामुळे पूर्ण सायकल हलकी होते. उघड्या सांगाड्यांचीच वजने मांडून तुलना करणाऱ्याच्या तक्त्यात एर्सची सायकल हरते, आणि रस्त्यावर जिंकते. त्या तक्त्याच्या मर्यादेचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

इंग्लंडात प्रवासाची परंपरा याहूनही जुनी. सायकलस्वारांचा टूरिंग क्लब तेथे १८७८ सालीच निघाला. पण तेथील प्रवाशाची मनोवृत्ती वेगळी होती. तंबू घेऊन सायकलीवर हिंडणाऱ्यांनी १९०१ मध्ये आपली स्वतंत्र संघटना केली आणि टॉमस हायरम होल्डिंग या शिंप्याने हलक्या रेशमी तंबूंचा पुरस्कार केला. १९३० पासून युवकांच्या वसतिगृहांची साखळी उभी राहिली तेव्हा तंबू घरी ठेवता येऊ लागला, तरी सीटमागे आडवी लटकणारी जाड कापडाची, चामडी पट्ट्यांची मोठी पिशवी, जिची लँकेशायरमधील नेल्सन गावच्या कॅराडाइसने १९३२ पासून ख्याती केली, ती इंग्रज प्रवाशाची खूण राहिली. सारे ओझे सीटमागे उंचावर असल्यामुळे मागचा त्रिकोण भक्कम हवा, असा इंग्रज कारागिरांचा आग्रह असे. डर्बीची मर्शियन, लीड्सचे बॉब जॅक्सन, लंडनचे क्लॉड बटलर अशा कारखान्यांनी ५३१ च्या मध्यम जाडीच्या नळ्या वापरून जे सांगाडे केले ते टिकाऊपणाच्या दृष्टीने निर्विवाद उत्तम आहेत. हेचिन्स या कारखान्याच्या सांगाड्यांतील मागच्या नळ्यांची वळणदार नक्षी आणि बेट्स या कारखान्याच्या मध्ये फुगीर नळ्या यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. वजनाच्या दृष्टीने त्यांचे महत्त्व थोडे. स्टॉक्टन-ऑन-टीज येथील टेलर बंधूंनी मात्र लग टाकून देऊन, सांध्यावर पितळच गोलाईने भरून, फ्रेंच धर्तीच्या सायकली इंग्लंडात केल्या, आणि खाडीच्या दोन्ही बाजूंचे गुण एका सांगाड्यात आणले. जॅक, केन आणि नॉर्मन या तिघा भावांच्या हातची सायकल मला त्या काळच्या इतर सर्व इंग्रजी सायकलींहून प्रिय आहे.

या संदर्भात मुंबईचा एक दाखला अवश्य नोंदविला पाहिजे. १९२३ च्या ऑक्टोबरात सहा पारशी तरुण सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले, आणि त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तिघे ती पूर्ण करून १९२८ मध्ये परतले. चव्वेचाळीस हजार मैलांचा हा प्रवास ५३१ निघण्यापूर्वीचा आहे. इराण-इराकच्या वाळवंटांतून आणि पूर्व आशियाच्या जंगलांतून तो पार पडला. त्यांच्या प्रवासात सांगाड्याच्या शंभर ग्रॅमांना काय अर्थ होता हे सांगावयास नको; पाणी, हत्यारे व अन्न यांचे ओझे वाहून, जेथे झाळ देणारा लोहार पुढच्या चारशे मैलांत नाही तेथे न मोडणे, हा एकच गुण त्यांच्या कामाचा होता. प्रवासी सांगाड्याची जाड भिंत ही कारागिराची कुचराई नसते. ज्या मुलुखात दुरुस्ती मिळत नाही त्या मुलुखासाठी तो विमा असतो.

अमेरिकेत हीच गोष्ट निराळ्या कारणाने घडली. १९७६ मध्ये स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त ऑरेगॉनपासून व्हर्जिनियापर्यंत सायकलीने देश ओलांडण्याची मोहीम निघाली आणि हजारो लोक तीत सामील झाले. अंतर साडेसहा हजार किलोमीटरांहून अधिक, गावे दूरदूर, उतरावयास खाणावळ नाही. तेव्हा तंबू, बिछाना, स्टोव्ह, भांडी आणि चार दिवसांचा शिधा सायकलीवर घेणे प्राप्तच होते. वीस-पंचवीस किलोंचे हे ओझे फ्रेंच धाटणीच्या पातळ सांगाड्यावर लादले की उतारावर, विशेषतः हँडल सैल धरले असता, सर्व सायकल डावी-उजवी थरथरू लागते आणि वेग वाढेल तशी थरथर वाढत जाते. हा प्रकार ज्याने एकदा अनुभवला तो पुन्हा पातळ नळीचे नाव काढीत नाही. सुरुवातीला अमेरिकन कारागिरांनी जुन्याच नळ्या वापरल्या. विस्कॉन्सिनमधील वॉटर्लू येथे त्याच सुमारास सुरू झालेल्या ट्रेक कारखान्याच्या पहिल्या सांगाड्यांत इंग्लंडच्या रेनल्ड्झ, इटलीच्या कोलुंबुस आणि जपानच्या इशिवाता या तिन्ही नळ्या एकाच छपराखाली झाळल्या जात; त्यामुळे निरनिराळ्या नळ्यांच्या वजनाची खरी तुलना करावयाची असेल तर ट्रेकचे ते आरंभीचे सांगाडे घ्यावेत, कारण तेथे कारखाना व काळ एकच राहून नळी तेवढी बदलते. पुढे ट्रेकने ७२० क्रमांकाची लांब पल्ल्याची सायकल काढली. तिचे मागचे चाक पायडलच्या अक्षापासून सत्तेचाळीस सेंटिमीटर मागे नेलेले होते, ती बसावयास आरामशीर होती, परंतु भरपूर ओझे लादले की तिच्या लवचिकपणाची तक्रार होत असे. हळूहळू नळ्यांच्या भिंती जाड झाल्या. रेनल्ड्झनेही खास प्रवासी सायकलींसाठी ५३१ एस.टी. हा अधिक जाड संच काढला. आरंभी ज्या अर्ध्या किलोचा उल्लेख केला त्यातील बराचसा हिस्सा या दहा वर्षांत परत आला.

जपानची कथा या दोन्ही प्रवाहांच्या संगमाची आहे. ओसाकाजवळचे साकाई हे सुऱ्या-तलवारी आणि बंदुकांच्या कसबाबद्दल पूर्वापार प्रसिद्ध शहर; तेच कसब विसाव्या शतकात सायकलीच्या भागांकडे वळले, आणि शिमानोचा कारखाना १९२१ मध्ये तेथेच निघाला. नळ्यांच्या बाबतीत तांगे आणि इशिवाता या कंपन्यांनी क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलाद हाताळले. इशिवाताने तर नळीसंचाला नाव देण्याऐवजी त्याचे वजनच नावात घातले: ०१९ म्हणजे सुमारे एक किलो नऊशे, ०२२ म्हणजे दोन किलो दोनशे, ०२४ म्हणजे दोन किलो चारशे. इंग्रजांनी आकड्यात धातूचे मिश्रण सांगितले, इटालियनांनी अक्षरांत दर्जा सांगितला. जपानी कारागिराने मात्र खरेदीदाराच्या हाती सरळ काटाच दिला, आणि तुझे ओझे किती ते पाहून तू भिंत निवड असे त्याला सुचविले. १९७० आणि १९८० च्या दशकांत जपानी प्रवासी सायकली अमेरिकन बाजारात झपाट्याने स्थिरावल्या. मियाताची १००० ही त्यांपैकी सर्वांत नावाजलेली, आणि आजही जुन्या बाजारात ती शोधणारे भेटतात.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात डोंगरी सायकलींची लाट आली, जाड टायरच्या त्या सायकलीपुढे प्रवासी सायकलीची मागणी ओसरली, आणि कारखान्यांनी एकामागून एक आपल्या कॅटलॉगातील ते पान काढून टाकले. रेनल्ड्झने ५३१ ची जागा हळूहळू इतर पोलादांना दिली. इशिवाताचा कारखाना १९९० च्या दशकात बंद पडला, परंतु तेथील जुन्या कामगारांनी काइसेई नावाने नवी कंपनी काढून नळ्या खेचण्याचे काम चालू ठेवले. त्यांच्या यादीत ०२२ हा संच आजही आहे, आणि एर्स व सँजे यांच्या धर्तीवर सायकली घडविणारा तोएई कारखाना अशाच जपानी नळ्यांवर लग बसवून, गुंड्या झाळून, ग्राहकाच्या मापाप्रमाणे सांगाडे करीत आहे.